कुंपणाकडचा ट्रेलर

जोलिएटच्या कम्युनिटी कॉलेजात माल वाहतूक आणि गोदाम व्यवस्थापनाचा एक कोर्स आहे. दर एप्रिलला तिथे मला बोलावतात. विषय ठरलेला असतो : करिअर कसं घडवलं. मी सांगते. बाविसाव्या वर्षी इथल्याच गोदामात लागले, ऑर्डरीप्रमाणे गोण्या उचलून गाडीवर ठेवायचं काम. मग फोर्कलिफ्ट. मग टोळीची प्रमुख, मग सुपरवायझर, मग मेम्फिसला शिफ्ट मॅनेजर, कोलंबसला त्याच्या वरची खुर्ची, रीनोला आणखी वरची, आणि परत जोलिएट. समोरची मंडळी ते वहीत लिहून घेतात. शहरांची नावंसुद्धा लिहितात, जणू पुढे परीक्षेला येणार आहेत.

आमच्या धंद्यात चढायचं असेल तर हलावं लागतं, हेही मी सांगते. कसं हलावं लागतं ते सांगत नाही. दर वेळी जेवणाच्या खोलीत एक केक कापायचा, त्यावर आपलं नाव चुकीचं लिहिलेलं असतं, आणि पंधरा दिवसांत नव्या गावात भाड्याचं घर. काही खोकी मी तीन राज्यांत फिरवली आणि एकदाही उघडली नाहीत. नवरा कोलंबसलाच कंटाळला. माझी मुलगी डेल्फीन चौथ्या शाळेच्या वेळी म्हणाली, "आई, या वेळी तू जा. मी बाबांकडे राहते." ती तेरा वर्षांची होती. हे सगळं सांगितलं तर कोर्सला पोरं कशाला येतील?

आणि अर्विन पेटवेबद्दल तर मी तिथे एक अक्षर काढत नाही.

आमचं गोदाम कुत्र्यामांजरांच्या खाण्याचं. चाळीस पौंडांच्या गोण्या, डबे, मांजरांच्या मुतारीची वाळू. इमारत एवढी लांब की त्या टोकाला पाऊस आहे का ते या टोकाहून फोन करून विचारावं लागतं. मागे कुंपण, कुंपणापलीकडे मक्याचं शेत. गेल्या वर्षी जानेवारीत आमचे जनरल मॅनेजर निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली. दावेदार दोघं : त्यांच्या हाताखालची मी, आणि डॅलसचा एक माणूस. निर्णय व्हाइस प्रेसिडेंट लिंडक्विस्ट घेणार होते, आणि फेब्रुवारीतल्या एका बुधवारी ते इमारत बघायला येणार होते.

खुर्चीचा मोह नव्हता असं म्हणणार नाही. पण खरी गोष्ट वेगळी होती. डॅलसवाला आला असता तर त्याने आपला हाताखालचा माणूस सोबत आणला असता, आणि मला सत्तेचाळिसाव्या वर्षी पाचवं गाव शोधावं लागलं असतं. इथे मी पहिल्यांदा घर विकत घेतलं होतं. खोकी उघडली होती. डेल्फीन येत्या उन्हाळ्यात राहायला येते म्हणाली होती. मला मोठं व्हायचं नव्हतं हो, मला एका जागी बसायचं होतं. गंमत अशी की आमच्याकडे एका जागी बसायचं तर सगळ्यात वरच्या खुर्चीवरच बसावं लागतं.

आता व्हिजिट म्हणजे काय ते सांगते. कुठल्याही गोदामात कधीही जा, फाटक्या गोण्या असतात, परत आलेला माल असतो, कुठे ठेवायचा ते कोणालाच ठाऊक नाही असा माल असतो, मोडक्या खुर्च्या असतात. वरचा साहेब येणार म्हटलं की हे सगळं रिकाम्या ट्रेलरांत भरायचं आणि यार्डच्या, म्हणजे ट्रेलर उभे करायच्या आवाराच्या, पार मागे कुंपणाला लावून ठेवायचं. साहेब चकचकीत इमारत बघतो, खूश होऊन जातो. मग दुसऱ्या दिवशी ट्रेलर परत डॉकला, म्हणजे माल चढवायच्या दारांना, लावायचे आणि सगळं होतं तिथे आणून ठेवायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी हे मेम्फिसला शिकले, कोलंबसला केलं, रीनोला दुसऱ्यांना शिकवलं. कुठल्याही नियमावलीत हे नाही आणि एकही इमारत याच्याशिवाय चालत नाही.

मंगळवारी आम्ही दोन ट्रेलर भरले. माल चढवणारी सगळी माणसं मी झाडायला आणि जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्या रंगवायला लावली होती. लिंडक्विस्टना एक खोड आहे, यार्डात फिरताना मधेच एखाद्या ट्रेलरचं दार उघडून बघायची. म्हणून मी टेबलाच्या खणात उरलेलं एकच सील, दाराच्या कडीत अडकवायची नंबराची पट्टी, काढलं आणि जास्त घाण असलेल्या दुसऱ्या ट्रेलरला स्वतःच्या हाताने लावलं. सील असलं की साहेबसुद्धा हात लावत नाही.

आमच्या धंद्यात सीलचा अर्थ एकच. माल भरला, मोजला, तपासला, आता न्या. हे झाडूवाल्यालाही ठाऊक असतं. चार राज्यांत नव्या माणसांना पहिल्या दिवशी हेच शिकवत आले होते मी. आणि मीच कचऱ्याला सील लावलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही.

बुधवारी सकाळी साडेसातला रेडिओ खरखरला. अर्विन होता. अर्विन यार्डचा ड्रायव्हर, म्हणजे दिवसभर ट्रेलर या जागेवरून त्या जागेवर लावायचे, डॉकला आणायचे, बाहेर काढायचे. सव्वीस वर्षं हेच. मला फोर्कलिफ्ट चालवायला त्यानेच शिकवलं होतं, आणि पहिल्या आठवड्यात मी खांबाला धडक दिली तेव्हा खांबाकडे बघून "याला दिसत नाही का?" असं तोच म्हणाला होता.

"रॉशी," तो म्हणाला, "बर्फ काढणाऱ्याने सगळा ढीग कुंपणाशी नेऊन लोटलाय. मागे एकच जागा मोकळी आहे. तुझ्या दुसऱ्या बाळाला कुठे झोपवू?"

त्याच वेळी लिंडक्विस्टची गाडी गेटातून आत येत होती. मला ती खिडकीतून दिसत होती.

"जिथे रिकामं दिसेल तिथे लाव," मी म्हटलं. "आणि रेडिओवर बडबड करू नकोस."

"जो हुकूम, बाईसाहेब."

त्याने तो ट्रेलर पुढच्या रांगेत बारा नंबरच्या जागेवर लावला. पुढची रांग म्हणजे निघायला तयार असलेल्या ट्रेलरांची. बारा नंबर रिकामा होता, कारण तिथे जो खरा ट्रेलर उभा असायला हवा होता तो अजून डॉकलाच अडकला होता, अर्धवट भरलेला. भरणारी माणसं झाडत होती ना.

व्हिजिट झकास झाली. लिंडक्विस्ट म्हणाले, "रॉशेल, या जमिनीवर पानं मांडून जेवता येईल." सव्वादहाला, आम्ही कॉफी घेत होतो तेव्हा, बाहेरचा एक ड्रायव्हर आला. त्याच्या कागदावर जागा नंबर बारा लिहिलेलं होतं. बारावर ट्रेलर होता, त्याला सील होतं. गेटवरचा माणूस एरवी ट्रेलरचा नंबर कागदाशी ताडून बघतो. त्याला मी साहेबांचा पाय घसरू नये म्हणून दारापुढे मीठ टाकायला पाठवलं होतं. ड्रायव्हरने ट्रेलर जोडला आणि आयोवाच्या रस्त्याला लागला.

गुरुवारी दुपारी फोटो आले. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे पाळीव प्राण्यांच्या दुकानांची एक साखळी. त्यांच्या गोदामात त्यांनी सील तोडलं, दार उघडलं, आणि आतून आमची सगळी अब्रू बाहेर आली. फाटक्या गोण्या, फुटक्या फळ्या, तीन पायांची खुर्ची, मोडका मायक्रोवेव्ह, मागच्या नाताळचं प्लॅस्टिकचं झाड, 'सुरक्षा सर्वांत आधी' असा फलक. आणि उंदीर. एक-दोन नव्हे, चांगलं खातंपितं कुटुंब. माल उतरवणारी बाई किंचाळत बाहेर पळाली असं पत्रात लिहिलं होतं. पत्राच्या शेवटी एकच प्रश्न होता : कोणावर काय कारवाई केली ते शुक्रवारपर्यंत कळवा.

कंपनीत अशा वेळी एक फॉर्म भरतात. पाच वेळा 'का' विचारायचं. हे का झालं? मग ते का झालं? असं पाच पायऱ्या खाली उतरलं की मुळाशी पोचतो म्हणे. फॉर्म मी भरायचा होता.

त्याआधी मी अर्विनला शोधलं. तो ट्रेलर ओढायच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून डब्यातले मासे बिस्किटांवर ठेवून खात होता. मी दार उघडून पायरीवर उभी राहिले.

"एचआरवाली पोरगी येऊन गेली," तो म्हणाला. "ट्रेलर तिथे का लावला विचारत होती."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, रॉशेलला विचारा. ती सांगेल." त्याने एक बिस्किट माझ्यापुढे केलं. "उंदरांची बातमी ऐकलीस ना? नशीबवान बेटे. आपण सव्वीस वर्षं इथे, आणि ते एका रात्रीत राज्य बदलून मोठ्या गोदामात गेले. त्यांचंही करिअर झालं बघ."

मला हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते थंडीमुळे असेल असं त्याला वाटलं असावं.

"अर्विन, हे चिघळणार आहे."

"चिघळू दे की. तू आहेस ना," तो म्हणाला, आणि पुढचा मासा काढला.

शुक्रवारी सकाळी मी फॉर्म भरला. कचरा गिऱ्हाइकाकडे का गेला? ड्रायव्हरने बारा नंबरवरचा ट्रेलर नेला म्हणून. का नेला? त्याला सील होतं म्हणून. गेटवर का अडवला नाही? गेटवर कोणी नव्हतं म्हणून. तो ट्रेलर बारावर का होता? यार्डच्या ड्रायव्हरने तिथे लावला म्हणून. मग पाचवा प्रश्न आला, त्याने तिथे का लावला. मी लिहिलं : मी, रॉशेल झुपान, त्याला रिकाम्या जागी लावायला सांगितलं. त्यात व्हिजिटसाठी लपवलेला कचरा होता. सील मी लावलं. गेटवरचा माणूस मी हलवला. अर्विन पेटवेची यात चूक नाही.

बटण दाबलं आणि मला इतकं हलकं वाटलं की मी उठून खिडकी उघडली. फेब्रुवारीत. आता काढतील मला, मी मनाशी म्हटलं. काढू देत. एकदाची सुटेन.

वीस मिनिटांत लिंडक्विस्टचा फोन आला.

"वाचलं," ते म्हणाले. "छान लिहितेस तू. पाचवं उत्तर काढून टाक."

"का?"

"चारात भागतंय म्हणून. ट्रेलर यार्डच्या ड्रायव्हरने चुकीच्या जागी लावला. खोटं आहे का हे?"

"खोटं नाही. पण अपुरं आहे."

"रॉशेल, ऐक. मी कॅन्सस सिटीत असताना एका व्हिजिटला नऊ ट्रेलर लपवले होते. नऊ! बुधवारी तुझ्या कुंपणाशी एक उभा होता तो काय मला दिसला नाही? दिसला. मी दुसरीकडे बघितलं. तू हे कागदावर आणलंस की कंपनीला सत्तावीस इमारतींच्या मागे जाऊन दारं उघडावी लागतील. कोणाला हवंय ते?"

मी उठून खिडकी लावून घेतली.

"डॅलसवाल्याने होकार देऊन ठेवलाय," ते म्हणाले. "मला तो नकोय. मला तू हवी आहेस. पण कचऱ्याला सील लावणारी जनरल मॅनेजर मी वर कशी दाखवू, सांग."

"आणि अर्विन?"

"तुमच्या त्या रस्त्यावर चाळीस गोदामं आहेत. यार्डच्या ड्रायव्हरला आठवड्यात काम मिळतं. तुझ्या वयात, तुझ्या पदाला, मिळेल का?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या पाचव्या ओळीकडे बघत बसले. पंचवीस वर्षांत मी किती वेळा दमले असेन, पण त्या सकाळी जशी दमले होते तशी कधीच नाही. नव्या गावी घर बघायचं, नव्या माणसांना पुन्हा पहिल्यापासून आपण कोण ते दाखवायचं, डेल्फीनला सांगायचं की या उन्हाळ्यात नको, आई पुन्हा हलतेय. माझ्यात तेवढं त्राण उरलं नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाही. असं झालं एवढंच सांगते. मी पाचवं उत्तर खोडलं आणि फॉर्म पुन्हा पाठवला.

सोमवारी अर्विनला एचआरने बोलावलं. अर्ध्या तासाने तो माझ्या दारात आला. अंगात कंपनीचं जाकीट नव्हतं, ते काढून घेतलं होतं. आत नुसता स्वेटर होता.

"तुला विचारलं का त्यांनी?"

"विचारलं."

"सांगितलंस?"

थाप मारता आली असती. आमच्यासारख्यांना ते अवघड नसतं. पण त्याच्यापुढे जीभ वळेना.

"सांगितलं. लिहून पाठवलं. मग ते म्हणाले काढ, आणि मी काढलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे. एखादा ट्रेलर त्या जागेत मावेल की नाही याचा अंदाज घेताना तो जसा बघायचा, तसा.

"बरं," तो म्हणाला.

"शिव्या दे, अर्विन. दे ना."

"देईन की. आधी घरी जाऊन बायकोला सांगतो. मग सवड झाली की देईन."

तो गेला. यार्डातून चालत गेटापर्यंत गेला, दुतर्फा उभ्या ट्रेलरांमधून. एरवी त्याला मी पायी चालताना फारसं पाहिलंच नव्हतं. उजव्या पायाने तो थोडा लंगडतो हे मला पंचवीस वर्षांनी त्या दिवशी कळलं.

मला खुर्ची मिळाली. केकही आला. या वेळी नाव बरोबर होतं. डेल्फीनला फोन केला तर ती ओरडलीच, "म्हणजे आता तू कुठे जाणार नाहीस?" नाही, म्हटलं, आता कुठे जाणार नाही. हे वाक्य उच्चारायला मला किती वर्षं लागली होती! आणि उच्चारलं तेव्हा मला फक्त झोप येत होती.

अर्विनला आठवड्यात काम मिळालं नाही. महिन्यातही नाही. साठीला आलेला, काढून टाकलेला माणूस. चाळीस गोदामं असतील, पण चाळीसही ठिकाणी तोच एक प्रश्न विचारतात. आमच्या कंपनीचा नियम असा की जुन्या माणसाबद्दल चौकशी आली तर तीनच गोष्टी सांगायच्या : लागला कधी, गेला कधी, आणि त्याला पुन्हा कामावर घ्याल का. तिसऱ्याचं उत्तर एचआर फाइलमधून वाचून दाखवतं. अर्विनच्या फाइलमध्ये 'नाही' लिहिलेलं होतं. त्याच्याखाली, नव्या पदावरची पहिली सही म्हणून, माझी सही होती.

एप्रिलच्या सुरुवातीला एका सकाळी थेट माझ्या टेबलावर फोन आला. पलीकडे एक बाई होती. आमच्या रस्त्यालाच, तीन इमारती सोडून, नळ आणि पाइपांचं गोदाम आहे, तिथली मॅनेजर. आवाजावरून माझ्याच वयाची आणि माझ्याइतकीच झोप न झालेली.

"पेटवे म्हणून एकाने अर्ज केलाय," ती म्हणाली. "तुमच्या एचआरकडे विचारायला हवं ते ठाऊक आहे मला. पण ते यंत्रासारखं बोलतात. म्हटलं, माणसाला विचारावं. तुम्ही त्याला परत घ्याल का?"

"हो," मी म्हटलं. "आजच्या आज."

"आँ? मग काढलं कशाला? त्याने अर्जावर स्वतःच लिहिलंय, ट्रेलर चुकीच्या जागी लावला म्हणून. एवढ्यावरून? सव्वीस वर्षं काम केलेल्या माणसाला?"

काय सांगणार? मूग गिळायची सवय लागली की तोंड उघडायचं कसं तेच विसरायला होतं. बाहेर डॉकला कोणीतरी ट्रेलर लावत होता. नव्या ड्रायव्हरला तीनदा पुढेमागे करावं लागत होतं.

पलीकडे त्या बाईने आवाज खाली आणला.

"व्हिजिट होती का हो?"

"होती."

"अगं बाई," ती म्हणाली, आणि एक मोठा सुस्कारा टाकला. "आमच्याकडे पुढच्या गुरुवारी आहे. माझ्या यार्डात सगळी नवी पोरं, त्यांना काही सुधरत नाही. जाणता माणूस हवाच होता. सोमवारपासून घेते त्याला."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, क्षणभर. मग तिचा पुढचा गुरुवार मनात आला.

"एक कराल?" मी म्हटलं.

"बोला ना."

"व्हिजिटच्या दिवशी त्याला जे काही सांगाल ते कागदावर लिहून द्या. खाली तुमची सही करा. आणि तो कागद त्याच्याकडेच राहू द्या."

ती हसत सुटली. अगदी मोकळं, दिवसभर दमलेली बाई हसते तसं. "भारी आहात हं तुम्ही," ती म्हणाली, आणि मी गंमत करत नव्हते हे सांगायच्या आत तिने फोन ठेवला.